डिसेंबरअखेर युटाच्या स्लॉट कॅनियनमध्ये उतरायचंय, पण हवामान रोज रंग बदलतंय

निनाद_फिनिक्स

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय आणि लवकर हवाय.

आम्ही पाच जण, म्हणजे मी, बायको, ऑफिसातले दोन मित्र आणि पुण्याहून येणारा माझा मावसभाऊ, नाताळनंतरच्या आठवड्यात युटाला स्लॉट कॅनियन, म्हणजे वाळूच्या खडकातल्या खोल अरुंद घळी, करायला निघतोय. फिनिक्सहून गाडीनेच. झायन नॅशनल पार्कमध्ये पाइन क्रीक आणि कीहोल या घळी करायच्या, मग वर हँक्सव्हिलच्या पुढे नॉर्थ वॉश भागात लेप्रेकॉन, आणि परत येताना वेळ उरला तर बकस्किन गल्चमध्ये एक लांबलचक चाल, असा बेत आहे. मी आणि एका मित्राने घळीत दोराने उतरायचा रीतसर कोर्स केलाय, बायको आणि दुसरा मित्र आमच्याबरोबर उन्हाळ्यात, ऑक्टोबरात बऱ्यापैकी फिरलेत. मावसभाऊ पक्का सह्याद्रीवाला. सांदण दरी, कोकणकड्याचं रॅपलिंग (दोरावरून उतरणं), पावसाळ्यात धबधब्यातलं रॅपलिंग सगळं झालंय त्याचं, दोराची भीती अजिबात नाही, पण वाळवंटातली घळ त्याने फक्त फोटोत पाहिलीय.

घोळ हवामानाचा आहे. आठवडाभर रोज सकाळी उठून बघतोय आणि रोज वेगळंच. आधी म्हणत होते कोरडं आणि ऊन, मग गुरुवारी बर्फ दाखवला, आज एक ॲप म्हणतंय २०% पाऊस आणि दुसरं म्हणतंय काहीच नाही. मला असं वाटतं की युटात फ्लॅश फ्लड म्हणजे जुलै-ऑगस्टच्या मॉन्सूनचा प्रकार, हिवाळ्यात असा धो धो कोसळत नाही, मग घळीत लोंढा येईलच कशाला? बायकोला हे पटत नाहीये. ती म्हणते तुला जायचंच आहे म्हणून तू कारणं शोधतोयस.

तर हिवाळ्यात पुराची भीती खरंच कमी असते का, आमच्याकडे ३ एमएम जाडीचे वेटसूट (पाण्यात घालायचे रबरी सूट) आहेत ते चालतील का, आणि मुख्य म्हणजे 'आता नको' हे तुम्ही लोक नेमकं कधी आणि कशावरून ठरवता? झायनच्या परमिटचं काम झालंय, हॉटेलं बुक आहेत, त्यामुळे जरा जीव अडकलाय.

वाळूतला_खेकडा

निनाद, तुझं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि जे अर्धं चुकलंय तेच महागात पडणारं आहे.

उन्हाळ्यातला पूर म्हणजे एकच वादळी ढग, दहा-वीस किलोमीटरवर कुठेतरी तासभर ओततो आणि तुझ्या डोक्यावर निळं आकाश असताना पाणी येतं. १२ ऑगस्ट १९९७ ला अँटिलोप कॅनियनमध्ये अकरा जण गेले ते असेच, पाऊस वरच्या अंगाला झाला होता. १४ सप्टेंबर २०१५ ला झायनच्या कीहोलमध्ये सात जणांचा ग्रुप गेला, सातही जण दगावले. तू जाणारेस तेच कीहोल. तर हो, या जातीचे पूर डिसेंबरात सहसा होत नाहीत.

पण हिवाळ्यात पॅसिफिककडून येणारी वादळं वेगळी असतात. पाऊस हळू पडतो पण अख्ख्या पठारावर पडतो आणि तासन् तास पडतो. त्यात जमीन आधीच भिजलेली किंवा गोठलेली असली की पाणी मुरत नाही, सरळ वाहून खाली येतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वर साठलेल्या बर्फावर कोमट पाऊस पडणं, तेव्हा पावसाचं पाणी आणि वितळलेला बर्फ दोन्ही एकदम येतात. तुझ्या यादीतल्या बकस्किनचंच बघ. मार्च २०२३ मध्ये तिघे जण वायर पासवरून शिरले, बकस्किन आणि पुढे पराया नदीची घळ करत लीज फेरीला बाहेर पडायचा बेत होता, वादळ आलं, पाणी चढलं, तिघांपैकी दोघे गेले आणि एकाला हेलिकॉप्टरने उचलून काढलं. कॅलेंडरप्रमाणे तो हिवाळाच, मॉन्सूनला अजून तीन महिने होते. परायाचा उगम ब्राइस कॅनियनच्या बाजूला आठ-नऊ हजार फुटांवर आहे हे लक्षात ठेव, तू खाली वाळूत उभा असतोस पण तुझं पाणी बर्फातून आलेलं असतं.

एवढं सांगूनही माझं मत असं की हिवाळ्यात इथे पुरापेक्षा गारठाच जास्त लोकांना गोत्यात आणतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये झायनच्या नॅरोजमध्ये एक जोडपं वरून खाली रात्रीच्या मुक्कामाच्या बेताने गेलं होतं, परमिट घेऊन. पूर नाही, दरड नाही. पाण्यातून चालून चालून दोघंही गारठली आणि बायको गेली. आणि नॅरोज म्हणजे तर चालण्याची वाट, दोराचं काम नाही की काही नाही.

आता पाइन क्रीक. एरवी भर उन्हाळ्यातही तिथलं पाणी हाडापर्यंत झोंबतं कारण ऊन तळाशी पोचतच नाही. डिसेंबरच्या शेवटी झायनमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंश वर येतो. म्हणजे दोन-तीनशे फूट खोल आणि दोन हात रुंद घळीच्या तळाशी ऊन येणारच नाही, आठवडेच्या आठवडे. वर पार्किंगमध्ये लोक टी-शर्टवर फिरत असतात आणि खाली डोहावर बर्फाची साय धरलेली असते. त्यामुळे वरचं तापमान बघून खालचा अंदाज बांधू नकोस, रात्रीची गार हवा जड असते ती खाली उतरून घळीतच बसून राहते.

आणि तुझ्या भावाला हे आधीच सांगून ठेव की इथे खाली उतरून पहिला दोर खेचून घेतला की कोंढाण्यावर सूर्याजीने दोर कापले तशीच गत, मागे फिरायचा प्रश्नच मिटला. सांदणमध्ये पहिल्या रॅपलपर्यंत जाऊन उलटं फिरता येतं, साम्रद गावची माणसं हाकेच्या अंतरावर असतात. पाइन क्रीकमध्ये तर वर कडेने हायवेचा बोगदा गेलाय, इतका जवळ, आणि तरी तुझ्यासाठी बाहेर पडायची वाट एकच, शेवटचा शंभरेक फुटांचा रॅपल उतरून खालून.

मी असतो तर पाचही जणांना ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न शिरणारे सूट, असल्याशिवाय पाइन क्रीक आणि कीहोल दोन्ही सोडले असते. बकस्किन बिलकुल नाही. लेप्रेकॉनचं हवामान बघून ठरवलं असतं, ते एरवी कोरडं असतं. परमिट आहे म्हणून जायचं हा विचार डोक्यातून काढून टाक, पार्कवाले परमिट देतात म्हणजे आज सुरक्षित आहे असं लिहून देत नाहीत, जबाबदारी तुझी हे ते स्वच्छ सांगतात.

चहाबाज

कशाला जीवावर उठताय राव. झायनच्या दाराशी स्प्रिंगडेलला हॉटेलात बसा, खिडकीतून डोंगर बघा, मावसभावाला कांदाभजी करायला लावा.

(गंमत केली. वरचा प्रतिसाद मात्र दोनदा वाचा.)

नक्षत्रवाला

चहाबाज 😄

मी कॅनियनमध्ये कधी उतरलेलो नाही, गुडघे साथ देत नाहीत, पण हवामानाचा नाद आहे म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो. निनाद, ॲप रोज बदलतंय म्हणजे ॲप बिघडलंय असं नाही. हिवाळ्यात अमेरिकेच्या नैऋत्य भागात कधी कधी कमी दाबाचं एक क्षेत्र जेट स्ट्रीमपासून (उंचावरच्या वेगवान वाऱ्यांच्या पट्ट्यापासून) तुटून वेगळं पडतं, त्याला कट-ऑफ लो म्हणतात. तुटल्यावर त्याला ढकलत न्यायला वारा उरत नाही, मग ते कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या आसपास कुठेही रेंगाळतं, कधी उलटंही सरकतं. शे-दोनशे किलोमीटर इकडे-तिकडे झालं की झायनला एक तर फुटभर बर्फ किंवा कोरडं ठणठणीत. इथले जुने हवामानवालेही या प्रकाराला वैतागतात. तेव्हा अंदाज रोज उड्या मारतोय हीच तुझ्यासाठी बातमी आहे, की या आठवड्यात कोणालाच खात्री नाहीये, आणि ज्या बेताला खात्रीचं हवामान लागतं तो बेत या आठवड्यात बसत नाही.

२०% चं पण सांगतो, कारण इथे भले भले गडबडतात. २०% म्हणजे त्या ठिकाणी मोजण्याइतका पाऊस पडायची शक्यता पाचात एक. पडला तर किती पडेल, किती वेळ पडेल हे त्यात कुठेच नाही. पाचात एक शक्यता आणि पडला तर अर्धा दिवस पडणार, हे पण २०% आणि चार थेंबांची सर पण २०%. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नकोस. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर नकाशावर टिचकी मारून त्या बिंदूचा अंदाज निघतो, त्यात उंची पण दिलेली असते. गाव निवडू नकोस, घळीच्या वरचं पठार निवड, आणि पाणलोट जिथून सुरू होतो ते टोक पण निवड. मग त्याच साइटवर फोरकास्ट डिस्कशन असतं, साधा मजकूर, त्या दिवशीचा हवामानतज्ज्ञ स्वतः लिहितो की कॉम्प्युटरवरच्या हवामान मॉडेलांचं एकमत आहे का, त्याला स्वतःला किती विश्वास वाटतोय, बर्फ किती फुटांच्या वर पडेल आणि त्याखाली पाऊस असेल. ते शेवटचं तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. बर्फाची पातळी पाच हजार फुटांवर असेल तर बरंचसं पाणी बर्फ होऊन वरच अडकतं, तीच पातळी नऊ हजारांवर गेली की सगळं पाऊस म्हणून पडतं आणि आधीचा बर्फ पण घेऊन येतं.

अजून एक, स्वच्छ ऊन पडलेला दिवस पण बघून घे. वादळानंतर दोन दिवसांनी छान ऊन पडतं, सगळे खूश, आणि दुपारी पठारावरचा बर्फ वितळून घळीत पाणी वाढतं. थोडंच वाढतं, पण शून्य अंशाचं असतं.

निनाद_फिनिक्स

बाप रे. दोघांचेही मनापासून आभार, बायकोला दाखवलं, ती आता जिंकल्यासारखी फिरतेय घरात.

पण वेटसूटचं कोणी बोललं नाही. आमचे ३ एमएम आहेत, त्यावर अजून एक जॅकेट घातलं तर? भाऊ म्हणतोय की सांदणमध्ये तो डिसेंबरात छातीभर पाण्यातून गेलाय नुसत्या टी-शर्टवर, काही झालं नाही. आणि पाच जण आहोत, एकमेकांना सांभाळून घेऊ.

रेवती_बे_एरिया

निनाद, भावाला म्हणावं सांदणच्या पाण्यातून बाहेर आलास की पाच मिनिटांत उन्हात उभा राहतोस, इथे ऊन नाही, आणि पुढे परत पाणी, परत पाणी. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता साधारण पंचवीस पट वेगाने खेचतं असं म्हणतात. ३ एमएम वेटसूट गोठत्या डोहासाठी नाही, त्यावर जॅकेट चढवून काही होत नाही कारण पाणी आतच असतं. ५/४ एमएम हुड, निओप्रीनचे मोजे आणि हातमोज्यांसकट घालून काही लोक करतात, पण डिसेंबरच्या शेवटी डोहातून पोहायचं असेल तर ड्रायसूटच, आत फ्लीसचे थर. स्प्रिंगडेलला दुकानांत भाड्याने मिळतात, सुट्टीत लवकर संपतात तेव्हा आधी फोन कर. मनगटाला आणि गळ्याला जे लॅटेक्सचे पट्टे असतात ते घालायच्या आधी नखं आणि अंगठ्या सांभाळ, आणि वाळूतून सरपटणार असाल तर वरून एखादी जुनी जाड पँट-शर्ट चढवा, नाहीतर कोपरावर भोक आणि आत गार पाणी. सुती काही घालायचं नाही, आतली बनियनसुद्धा नाही.

बर्फ धरलेल्या डोहात काय होतं ते सांगते कारण फोटोत ते फार गोड दिसतं. बर्फ इतका जाड नसतो की वरून चालावं आणि इतका पातळ नसतो की सहज पोहावं. कोपराने, गुडघ्याने फोडत फोडत जायचं, प्रत्येक तुकडा पुढे ढकलला की तोच परत छातीशी येतो, कडा काचेसारख्या धारदार, आणि पलीकडच्या काठाला पोचलात की वर चढायला जो गुळगुळीत ओठ असतो त्यावर बर्फाचा पापुद्रा. आपल्याकडे निघोजला रांजणखळगे बघितलेत ना, तसेच हे खळगे, फक्त माणूस बुडेल एवढे, भिंती आतून गोल आणि गुळगुळीत. काठोकाठ भरलेला असेल तर पोहत जाऊन काठ धरता येतो, अर्धा रिकामा असेल तर काठ हाताला लागत नाही आणि खाली पाय टेकत नाहीत. हाच खळगा जूनमध्ये करताना चार वेळा प्रयत्न करायला वेळ असतो, डिसेंबरात एका प्रयत्नानंतर बोटं ऐकेनाशी होतात.

बोटांचं म्हणजे खरंच. कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) गेट उघडायला अंगठा दाबायचा, एवढं साधं काम होत नाही. गेटमध्ये पाणी गोठून बसलेलं असतं ते वेगळंच, तोंडाने फुंकून सोडवावं लागतं. ओला दोर वर खेचून बाजूला ठेवला की दहा मिनिटांत काठीसारखा ताठ, डिसेंडरमधून, म्हणजे उतरताना दोराला ब्रेक लावणाऱ्या साधनातून, कधी अडकतो तर कधी बर्फाचा थर असल्यामुळे अचानक सुटतो. ऑटोब्लॉकवर (हात सुटला तर दोर आपोआप पकडणाऱ्या गाठीवर) भरवसा ठेवू नका, गोठलेल्या दोरावर तो पकडेलच असं नाही. त्यामुळे उतरणाऱ्याला खालून बिले द्यायला, म्हणजे दोर ताणून ब्रेक लावायला, कोणीतरी हवंच आणि डिसेंडरवर घर्षण वाढवायची सोय आधीच माहीत हवी.

आता 'पाच जण आहोत' याचं. पाच जण म्हणजे सोय नाही, पाच जण म्हणजे थांबणं. प्रत्येक रॅपलला चार जण ओले उभे आणि एक दोरावर. दोन दोर घ्या आणि एक दोर वापरात असताना पुढच्या दोघांनी दुसरा दोर घेऊन पुढचा रॅपल लावून ठेवायचा, निम्मा वेळ वाचतो. अँकर (दोर जिथे बांधतो तो आधार) असा बांधा की दोरावर वजन असतानाही वरून ढील देता येईल, म्हणजे कोणी गार पाण्यात किंवा ओघळाखाली अडकलं तर त्याला सरळ खाली सोडता येतं, वरून सुरी काढायची वेळ येत नाही. आणि दोराची लांबी मोजून सोडा, टोक पाण्याला जेमतेम टेकलं पाहिजे, म्हणजे माणूस पाण्यात पडताक्षणी दोरातून मोकळा. इथे तुझ्या भावाशी नीट बोल, कारण सह्याद्रीत आपल्याला दोराच्या टोकाला गाठ मारायची सवय लावलेली असते आणि कोरड्या कड्यावर ती अगदी बरोबर आहे, पण डोहात उतरताना तीच गाठ माणसाला पाण्यात दोराला बांधून ठेवते.

खायला भरपूर घ्या, तिळाच्या वड्या, चिक्की, खिशात राहतील असं. थर्मास घ्या. एकमेकांना बोलतं ठेवा. कोणी बडबड्या माणूस गप्प झाला, किंवा चिडचिड करायला लागला, शब्द जड येऊ लागले, बकल लावता येईना, तर लगेच थांबून कोरडं घाला आणि खायला द्या. कुडकुडणं थांबलं म्हणजे बरं वाटलं असं समजू नका, ते उलट वाईट लक्षण आहे.

मृगजळ

रेवतीताईंशी १००% सहमत, पण इथे सगळे मिळून त्या बिचाऱ्याला घाबरवताय असं वाटलं म्हणून दुसरी बाजू मांडतो. हिवाळा हा कॅनियनचा सीझन नाही असं काही नाही. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली वाळवंटाचा सीझनच हिवाळा आहे, नोव्हेंबर ते मार्च. तिथले बहुतेक कॅनियन कोरडे, पोहणं नाही, डिसेंबरात फर्नेस क्रीकला दिवसा १८-१९ अंश सेल्सिअस, उन्हाळ्यात तिथे कोणी पायही ठेवत नाही. फिनिक्सहून सहा-सात तास, झायनइतकंच. दोराचं काम भरपूर मिळेल, मावसभाऊ खूश होईल. मी तर म्हणेन अख्खा बेतच तिकडे वळव.

वाळूतला_खेकडा

मृगजळ, सूचना चांगली आहे पण 'कोरडे' या शब्दावर फार विसंबू नये. तिथला बॅडवॉटरचा तळ समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आणि टेलिस्कोप पीक हे शिखर ३,३०० मीटरच्या वर, दोन्ही एकाच दरीत समोरासमोर. खाली ऊन असताना वर बर्फाचं वादळ चालू असतं, आणि तिथल्या कॅनियनमध्ये आधी हजार-दोन हजार फूट चढून मग उतरायचं असतं, म्हणजे दिवसातला बराच वेळ चढण्यात जातो. खडकही भुसभुशीत, दोर खेचताना वरून दगड येतात. वाईट पर्याय नाहीये, झायनच्या डोहांपेक्षा नक्कीच बरा. फक्त पॅसिफिकचं वादळ तिथूनच पुढे युटाला जातं हे विसरू नका.

मृगजळ

मान्य. तरी माझं मत तेच, गार पाण्यापेक्षा भुसभुशीत दगड परवडला. हेल्मेट असतंच की डोक्यावर.

डोंगरदऱ्या_सॉल्टलेक

उशिरा लिहितोय. सगळं आलंय, दिवसाची लांबी आणि रस्ते राहिलेत.

दिवस साडेनऊ तासांचा आहे. उन्हाळ्यात जो कॅनियन सहा तासांचा म्हणून लिहिलेला असतो तो पाच जणांना, जाड हातमोज्यांत, गोठलेल्या दोरांवर आठ-नऊ तास घेतो. उजाडायच्या आत चालायला लागा. प्रत्येकाकडे हेडलॅम्प आणि लिथियमच्या बॅटऱ्या, साध्या बॅटऱ्या गारठ्यात लवकर मान टाकतात. कॅनियनला जी ग्रेड दिलेली असते, समजा ३ए किंवा ३बी, त्यातला आकडा दोराच्या कामाचा आणि अक्षर नेहमीच्या पाण्याचं असतं. ए म्हणजे जवळजवळ कोरडं, बी म्हणजे साचलेलं पाणी, सी म्हणजे वाहतं. वादळानंतर ए चं बी होतं, आणि पुस्तकातला ए कोणी बदलून ठेवत नाही. लेप्रेकॉन ३ए आहे पण पावसानंतर आत गुडघाभर गार चिखल साचतो, आणि ती घळ इतकी निमुळती आहे की जाड कपड्यांत काही ठिकाणी शब्दशः अडकायला होतं.

वाळूचा खडक ओला असताना कमजोर होतो, हे सह्याद्रीवाल्यांना पटकन लक्षात येत नाही कारण आपला बेसॉल्ट भिजला तरी घट्टच असतो, फक्त शेवाळ्याने घसरतो. इथे कणांना धरून ठेवणारा चुन्यासारखा भाग पाण्याने ढिला पडतो, धरलेली पकड हातात येते. पाऊस होऊन गेला की दोन-तीन दिवस तरी खडकाच्या पातळ सुळक्यावर किंवा कमानीवर अँकर नको, मोठा अडकलेला धोंडा बघा.

मदतीचं पण बोलू. फेब्रुवारी २०१९ मध्ये झायनच्या सबवे नावाच्या घळीच्या वाटेवर एका माणसाचा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत पाण्यातल्या वाळूत रुतला. बरोबरची मैत्रीण मोबाइलला रेंज मिळेपर्यंत एकटी चालत गेली. लोक पोचले, पाय काढला, पण तोवर रात्र आणि वर बर्फ पडायला लागलेला, हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी आलं. म्हणजे बटण दाबलं की कोणी येईल हे हिवाळ्यात गृहीत धरायचं नाही. सॅटेलाइटवाला मेसेंजर घ्याच, पण घळीच्या तळातून आकाशाची एक फटच दिसते, तिथून मेसेज जाईलच असं नाही. कोणत्या कॅनियनमध्ये, किती वाजेपर्यंत बाहेर, हे घरी कोणालातरी लिहून पाठवा आणि त्या वेळेत तीन-चार तास पदरचे घाला, नाहीतर घरचे उगाच शेरीफला फोन लावतील.

आणि हाउस रॉक व्हॅली रोड, बकस्किनकडे जाणारा. तो चिकणमातीचा आहे. सकाळी गोठलेला असतो तेव्हा गाडी मस्त जाते, दुपारी वितळला की चारही चाकं गुळगुळीत, फोर बाय फोर असली तरी. वादळाच्या आठवड्यात तिकडे जाऊ नका, कॅनियनमधून सुखरूप बाहेर येऊन गाडीत रात्र काढाल. लेप्रेकॉनचं त्या मानाने सोपं, डांबरी ९५ नंबरच्या हायवेला अगदी लागून आहे.

निनाद_फिनिक्स

काल रात्री पाचही जण व्हिडिओ कॉलवर बसलो, सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून काढले. भावाची थोडी कुरकुर झाली, मग रेवतीताईंचा गाठीचा मुद्दा ऐकल्यावर गप्प झाला आणि म्हणाला हे मला कोणी सांगितलंच नसतं.

ठरलंय ते असं. बकस्किन रद्द. झायनला जाऊ पण वरच्या वाटांवर चालायला, पाइन क्रीक आणि कीहोल मेमध्ये परत बघू, तेव्हाही जाड वेटसूट घेऊन. लेप्रेकॉनचा निर्णय निघायच्या आदल्या संध्याकाळी फोरकास्ट डिस्कशन वाचून, आणि आमच्यातल्या एकाने जरी नाही म्हटलं तरी नाही, कारण विचारायचं नाही, हे बायकोने घालून दिलेलं. डेथ व्हॅलीचा बेत मृगजळ यांच्याकडून उसना घेऊन जानेवारीच्या लाँग वीकेंडला ठेवलाय, भाऊ तोवर इथेच आहे.

एकच राहिलं, लेप्रेकॉनला तीन फाटे आहेत ना, जाडजूड माणसाने कुठला घ्यावा? मित्र सहा फूट आणि चांगला शंभर किलोचा आहे.

डोंगरदऱ्या_सॉल्टलेक

सहा फूट, शंभर किलो आणि वर फ्लीसचे थर? त्याला कुठल्याच फाट्यात वरून घालू नका. खालून चालत आत जाता येतं, जिथे छाती घासायला लागेल तिथून परत फिरायचं, फोटो तिथलेच चांगले येतात. बाकीच्यांनी वरून यायचं तर त्याला खालच्या तोंडाशी भेटायची वेळ ठरवून ठेवा, कोरडे कपडे आणि थर्मास त्याच्याकडे द्या. आणि हँक्सव्हिलला टाकी भरून घ्या, ९५ वर पुढे भरवशाचा पंप नाही.